भिंतीकडचा हात

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण माझी धाकटी बहीण थापा मारणाऱ्यातली नाही. लहानपणी अंधाराला घाबरायचो तो मी, ती नव्हे.

हे घडलं भरदुपारी, सव्वातीन वाजता, हॉस्पिटलच्या इमर्जन्सी वॉर्डात. धाकटी नुकतीच डॉक्टर होऊन तिथे लागली होती.

तिथले मोठे डॉक्टर म्हणजे नाकावर राग. "डिग्री काय लॉटरीत लागली?" हे त्यांचं रोजचंच.

एक गोष्ट मात्र त्यांनी तिच्याकडून घोकून घेतली होती. ठोके बिघडून माणूस हातचा जायला लागला, की शॉक द्यायचा. त्याआधी "दूर!" असं ओरडायचं आणि हात मोजायचे. पलंगाला एक जरी हात लागलेला असला, तरी बटण दाबायचं नाही.

"नुसती ओरडू नकोस, बघ," ते दर वेळी बजावायचे.

त्या दुपारी एक बसड्रायव्हर छातीत दुखतंय म्हणून आला होता. बायकोला घरी जा म्हणून सांगत होता...

वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

पडद्यावरची रेघ वेडीवाकडी नाचायला लागली. नाडी लागेना.

सिस्टरने बायकोला बाहेर काढलं आणि त्याची छाती दाबायला घेतली. धाकटीने मशीन चार्ज केलं.

"दूर!"

सिस्टरने हात वर केले. मोठे डॉक्टर पायाशी उभे, हाताची घडी घालून. धाकटीचे स्वतःचे दोन. झाले सहा.

आणि पलंगाच्या कठड्यावर... सातवा.

भिंतीकडच्या बाजूने चार बोटांनी कठडा घट्ट धरला होता. पलंग तर भिंतीला टेकलेला. मध्ये वही सरकवायलाही जागा नव्हती.

"दूर! दूर व्हा!" ती किंचाळली.

बोटं... आणखी आवळली.

"अहो डॉक्टर, कोणाला ओरडताय? सगळे दूरच आहेत," सिस्टर म्हणाली.

मोठे डॉक्टर मात्र कठड्याकडे बघत होते. एरवी एवढ्यात त्यांनी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला असता.

"दाब."

"सर, तो हात..."

"दिसतोय मला. दाब!"

तिने दाबलं. ड्रायव्हरचं अंग उसळलं.

आणि भिंतीतून... कोणीतरी कण्हलं.

बोटं एकेक करून सुटली. पडद्यावर ठोके नीट दिसायला लागले. ड्रायव्हर वाचला.

संध्याकाळी तिने मोठ्या डॉक्टरांना जिन्यात गाठलं.

"अकरा वर्षांपूर्वी मी ओरडलो, पण बघितलं नाही," ते म्हणाले. "पेशंटचा भाऊ कठडा धरून उभा होता. जागच्या जागी गेला. तेव्हापासून तो येतो. बटण दाबेपर्यंत पेशंटला सोडत नाही."

"म्हणजे दर वेळी त्याला पुन्हा..."

"हो. आजवर मी दाबायचो. आज तो तुला दिसला. आता तुझं तू बघ."

असं म्हणून ते चक्क हसले. धाकटीला त्यांची शिसारी आली.

महिन्याच्या आत ते नोकरी सोडून गेले.

गेल्या गुरुवारी एका शाळेतल्या बाई आल्या. तीच वेडीवाकडी रेघ. धाकटीने ओरडून हात मोजले. कठड्यावर कोणी नव्हतं. तिला हायसं वाटलं. तिने बटणावर अंगठा ठेवला...

आणि तिच्या मनगटावर चार गार बोटं आवळली.

हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

"मग?" मी विचारलं.

"दादा, तसंच बटण दाबलं असतं तर शॉक त्याच्या हातातून माझ्यात आला असता, मीही गेले असते. मी अंगठा काढून घेतला."

"आणि बाई?"

"बाहेर त्यांची मुलं बसली होती. त्यांना मलाच सांगावं लागलं," एवढंच ती म्हणाली.

सोमवारी तिची पुन्हा ड्युटी आहे. जाऊ नकोस म्हणायला माझी जीभ रेटत नाही, आणि जा असंही म्हणवत नाही.