सख्ख्या भावाचा दोर

पौडच्या पेठेत माझं दुकान. हिरडा, मध, मेण, शिकेकाई, डोंगर जे देईल ते घ्यायचं आणि पुण्याला धाडायचं. शाळा चौथीपर्यंत, बाकीचं गिऱ्हाइकांनी शिकवलं. माणूस दुकानाची पायरी चढला की त्याच्या मनात काय आहे ते शेटला कळतं, असं लोक म्हणायचे. मीही म्हणायचो.

पावसाळ्यात धंदा बसलेला असतो. त्या दिवसांत आम्हा चौघा दोस्तांना डोंगराचा नाद. कापडवाला नसीर, अंगानं रेडा आणि तोंडानं पोपट. एकदा कड्यावरून घसरून करवंदीच्या जाळीत उलटा लटकला, तर तिथून ओरडतो काय, "शेट, विजार फाटली! आता माझ्याच दुकानातनं मलाच घ्यावी लागणार!" बाकीचे दोघे रिहे गावचे सख्खे भाऊ, हैबतराव आणि धाकटा वाल्मीक. जमीन एकत्र, चूल एकत्र.

अठ्ठावन्न साली भादव्यात ठरलं ते दोरकड्याचं. ताम्हिणीकडच्या रानात या कड्यावरून धबधबा सरळ दरीत कोसळतो, आणि पाण्यामागं कड्यात एक कपार आहे. माथ्यावरून दोर सोडून कपारीत उतरायचं, दगडाला हात लावून वर यायचं. उतरणार वाल्मीक. हैबतरावांनी मोटेचा जाड नाडा खांद्यावर घेतला होता.

माथ्याच्या अलीकडं म्हाताऱ्या गोजराबाईची झोपडी. तिचा नवरा कड्यावरचा मध काढून मला घालायचा. तिनं चहा दिला, नाडा बघितला आणि विचारलं, "दोर कोन धरनार?"

"मी," हैबतराव म्हणाले. "माझ्या भावाचा दोर दुसरं कोन धरंल?"

"सख्ख्या भावानं न्हाई धरायचा. मधाला मानूस उतरतो तवा दोर मेव्हन्याच्या हातात असतो. बहिनीच्या कुंकवासाठी त्यो हात तुटंस्तवर धरतो. भावाला काय, भाऊ गेला की जमीन उरतीच."

"मावशी, माझा मेव्हणा बघितला न्हाई तुमी," नसीर म्हणाला. "त्याच्या हातात दोर दिला तर तो आधी हात जोडून देवाला सांगंल, मग सोडंल."

आम्ही हसलो. ती हसली नाही.

"मागं एकानं सोडला हितंच, मधाला उतरलेल्या धाकल्याला. त्यो खाली हाय अजून. कुनाचा तरी भाऊ दोर धरंल म्हून वाट बघतुय. त्याला वर यायचंय."

माझ्याकडं माल घालणाऱ्यांच्या तोंडून अशा गोष्टी पोत्यानं ऐकल्या होत्या. पेला पालथा घातला आणि उठलो.

माथ्यावर पाण्याचा आवाज इतका, की शेजारच्याच्या कानात बोलावं लागे. नाड्याचा अंजनीच्या खोडाला वेढा दिला. पुढं हैबतराव, मागं नसीर, शेवटी मी. वाल्मीकनं कमरेला गाठ मारली. हैबतरावांनी तिच्यावर आणखी एक मारली.

"वर यायचं झालं की हिसका दे."

"दादा, तू काय आई हायस का?"

"आईनंच सांगून धाडलंय. उतर."

तो उतरला, आणि थोड्याच वेळात दरीतून धुकं वर आलं. दूध उतू जावं तसं. आधी कड्याची कड गेली, मग हैबतरावांची पाठसुद्धा पुसट झाली. भर दुपार, पण उजेड राखेसारखा. त्या धुक्यात वास होता… मोहोळाला धूर दिला की मेण जळतं, तो वास. जन्म मधात गेला, माझं नाक चुकणार नाही. पण भादव्यात, कोसळत्या पाण्याखाली, मोहोळ कोण जाळणार?

हिसका आला. आम्ही ओढू लागलो.

"शेट," नसीर माझ्या कानाशी म्हणाला, "जड लागतंय."

"नाडा भिजलाय."

"न्हाई… दोन माणसांचं वजन हाय."

कडेवर एक हात आला. मग वाल्मीकचं डोकं. हैबतरावांनी वाकून हात पुढं केला, त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि हात मागं घेतला.

"तू… कोन?"

"दादा, मी."

"हा न्हवं," हैबतराव म्हणाले. आवाज एवढासा. "हा न्हवं माझा…"

कमरेचा कोयता त्यांनी कधी उपसला ते दिसलंच नाही. पहिला घाव वाल्मीकच्या खांद्यात बसला. मांस उघडं पडलं. वाल्मीक ओरडला नाही. तसाच कडेला लोंबकळत राहिला, माझ्याकडं बघत. हैबतरावांनी दुसऱ्यांदा कोयता उचलला.

माझं डोकं दुकानात चालतं तसं झटकन चाललं. एकत्र जमीन. धाकटा भाऊ. धुकं, कडा, साक्षीला बाहेरचं कोणी नाही. म्हातारी बोलली ते हेच. नसीरनं नाडा खोडाला अडकवला आणि हैबतरावांच्या अंगावर उडी घेतली. त्यांचं तोंड कातळावर आपटलं तेव्हा दात तुटल्याचा आवाज मला पाण्याच्या गर्जनेतूनही ऐकू आला. तरी कोयता सुटेना. मी धोंडा उचलला आणि त्यांच्या मुठीवर घातला. एकदा नाही सुटला. पुन्हा घातला. बोटं वाळल्या काटक्यांसारखी मोडली, तेव्हा कोयता पडला.

"सोडा…" ते रक्त थुंकत म्हणाले. "शेट, त्याला वर घिऊ नगा…"

मी त्यांच्या तोंडावर लाथ मारली. होय, मारली. मग वाल्मीकला काखेत धरून वर ओढलं, कोरड्या कातळावर बसवलं. मी म्हटलं, "थांब, कमरेची गाठ सोडतो."

कमरेला गाठ नव्हती.

मी नाड्याकडं बघितलं. नाडा खोडापासून कडेपर्यंत ताणलेला होता. वीणेच्या तारेसारखा. आणि बघता बघता त्याला हिसका बसला.

नसीर माझ्याकडं बघत होता. त्याच्या गुडघ्याखाली हैबतराव, चेहऱ्याचा नुसता चिखल झालेला. त्या चिखलातून ते म्हणाले, "ओढा… माझा भाऊ खाली हाय."

पुन्हा हिसका. मग पाण्याच्या आवाजाखालून, फार खोलातून, "दादाऽ… ओढ की… गाठ सुटाय लागली…"

वाल्मीकचा आवाज. त्यात चूक नाही.

नसीर आणि मी एकदमच नाड्याकडं धावलो. पण जो कातळावर बसला होता तो आमच्या आधी उठला. कोयता त्यानं उचलला, शांतपणे, आपलीच वस्तू उचलावी तसा. एकच घाव. नाडा सापासारखा सळसळत कडेवरून गेला.

खाली काही पडल्याचा आवाज आला नाही. धबधबा कोसळतच होता. हैबतराव ओरडत होते, ते मात्र बराच वेळ.

परतताना नसीरनं त्यांना खांद्यावर घेतलं होतं. तोंडानं पोपट असलेला तो माणूस सबंध वाट कलमा पुटपुटत चालला. नसीर पुढं, मग मी. माझ्या मागं कड्यावरून वर आलेला तो, हातात कोयता. धुक्यात आम्ही वाट चुकलो की तो मागून सांगायचा, "डावीकडं." त्या रानात वाल्मीक पहिल्यांदाच आला होता.

उतार संपला. खाली भाताची खाचरं दिसू लागली, तेव्हा तो माझ्या बरोबरीला आला. खांद्याची जखम उघडीच होती, आतलं मांस पांढरं पडलेलं, रक्त नव्हतं. त्यानं आवाज खाली केला.

"शेट… घरात कोन कोन हाय माझं? नावं सांगून ठेवा."

कोयत्याचं पातं माझ्या मांडीला लागत होतं. मी एकेक नाव सांगितलं. बायको रत्नाबाई. पोरगा कोंडिबा, अजून रांगतोय. आई सारजाबाई, तिला डोळ्यांनी कमी दिसतं.

"सारजाबाई," तो म्हणाला, आणि चालता चालता थांबला. "आमच्याबी आईचं हेच नाव व्हतं."