हिरव्या ठिपक्याशेजारी

टेबलावर लाल रीळ गडगडायचं, कॅमेऱ्याची नजर त्याच्यामागे आणि पडद्यावरची रेघ त्या नजरेमागे... असा तिचा खेळ रंगला होता. प्रोग्राम तिनंच लिहिलेला. एकाएकी रेघेनं रीळ सोडलं आणि थेट दाराकडे धाव घेतली. दारात लाल सदरा उभा होता. सदऱ्यात, बाबांच्या फर्निचरच्या कारखान्यातला नवा पॉलिशवाला.

“अहो, हलू नका! माझी रेघ पळवलीत तुम्ही.”

“मी कुठं? तीच मागं लागलीय.”

“लाल दिसलं की भुलते. अक्कल नाही तिला.”

“आणि तिला शिकवणारीला?”

ती हसली नाही. म्हणजे — तो वळेपर्यंत नाही.

मग रोज एक निमित्त. कधी डब्याचं झाकण निघेना, कधी चिंधी संपली, कधी तिनंच हाक मारली. तो कॅमेऱ्यासमोर बोटं फिरवायचा, पडद्यावर वेली चढायच्या. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंही नाही.

बाबांना मात्र त्या खेळात भलतंच दिसलं. “हा कॅमेरा कारखान्यात वर टांग, सगळ्यांच्या बाहीला रंगीत पट्ट्या लाव. कोण रिकामा उभा राहतो, मला आलेख हवा. सगळ्यात आळशी असेल तो घरी जाईल.”

तिनं नको म्हणून पाहिलं. बाबांपुढं कुणाचं चाललंय?

आलेख सगळ्यांसमोर उघडला. हिरवा ठिपका कारखान्याच्या टोकाला, तिच्या खोलीच्या दाराशीच घुटमळत होता. हिरवी पट्टी पॉलिशवाल्याची.

“हाच कामचुकार! उद्यापासून तू —”

“थांबा बाबा. एक ठिपका दाखवायचा राहिलाय.”

तिनं बटण दाबलं. हिरव्याला अगदी खेटून पिवळा ठिपका उमटला. तिनं हात वर केला. बाहीवर पिवळी पट्टी.

“तो उभा होता तेव्हा मीही तिथंच होते. बोलवायचेही मीच. काढायचं तर दोघांना काढा.”

“कार्टे! चारचौघांत लाज नाही वाटत?”

“वाटते ना. या सगळ्यांवर पाळत ठेवली, त्याची वाटते. याची नाही.”

तिनं कॅमेऱ्याची वायर उपटली. पडदा काळा झाला. मग ती त्याच्याकडे वळली.

“आणि तू...? नुसता उभा राहायला यायचास?”

“एक सांगायला यायचो. तुझं लक्ष पडद्यात. धीर व्हायचा नाही.”

“आता पडदा बंद आहे.”

बाबांच्या समोरून तो तिच्याजवळ आला.

“हळूच सांगू?”

“छे! मोठ्यानं सांग. मागच्यांनाही ऐकू जाऊ दे.”

त्यानं मोठ्यानं सांगितलं.