बिशपवरचा आळ

दार उघडलं तर समोर धुकं, धुक्यात शेजारचा गस पेनी, आणि त्याच्या काखेत त्याची पांढरी मांजरी डचेस... पोट चांगलंच टम्म झालेली.

"तुमच्या बोक्याचा पराक्रम," तो म्हणाला.

मी थक्कच झाले. सेंट जॉन्स शहरातल्या या चढावर राहायला येऊन मला जेमतेम महिना झाला होता. त्या महिन्यात पडद्याआडून मी गसला किती वेळा पाहिलं, ते माझं मला ठाऊक. त्याने एकदा तरी दार ठोठावावं असं फार वाटायचं... पण हे असं नव्हे.

"शक्यच नाही," मी म्हणाले. "त्याची नसबंदी झालीय. म्हणून तर ब्रह्मचारी धर्मगुरूचं नाव ठेवलं, बिशप."

"मग तुमचे बिशप रात्रभर आमच्या कुंपणावर कसली प्रार्थना म्हणतात?"

बिशप गळा काढायचा हे खरंच होतं, आणि जिन्यात लघवीचे फवारेही मारायचा. घरमालकीण मिसेस हर्नने तर आदल्याच दिवशी निर्वाणीचं सांगितलं होतं. रविवारपर्यंत वास गेला नाही, तर बोका तरी जाईल, नाहीतर आम्ही दोघंही. मांजरांच्या निवाऱ्यातून त्याला आणला त्या दिवसापासून तो माझ्या मानेला नाक लावून झोपतो. त्याला सोडायचा विचारही मला करवेना.

शेवटी खरंखोटं करायला गसने आपल्या गाडीतून आम्हाला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. वाटेत बिशपने गाडीतही आपला प्रसाद दिला. गसने हसत काच खाली केली, तिथेच तो मला जरा जास्त आवडला.

डॉक्टर पॉवर म्हणजे मांजरांतच केस पांढरे झालेली बाई. तिने बिशपला उताणा केला, चष्मा सावरला आणि शांतपणे सांगितलं, "याची नसबंदी अर्धीच झालीय, बाळ. बोक्याच्या लिंगावरचे बारीक काटे नसबंदीनंतर झडतात. याचे शाबूत आहेत."

"अर्धी म्हणजे?"

"वृषणाची एक गोटी खाली होती, ती काढली. दुसरी खाली उतरलीच नाही. पोटात बसलीय."

माझा बिशप... इतके दिवस पोटात गुपित घेऊन फिरत होता. ती गोटी तशीच राहिली तर पुढे गाठ होण्याची भीती, म्हणून पोट उघडूनच काढावी लागेल, असं डॉक्टर म्हणाली. मी होकार दिला आणि ती त्याला आत घेऊन गेली. गसने माझ्या हातांत गरम चहाचा पेला दिला, काकवी लावलेला टाउटन, इथला तळलेला पाव, दिला, आणि पेला मी नीट धरेपर्यंत आपली बोटं काढली नाहीत.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आली. बोका सुखरूप होता. गोटी वाटाण्याएवढी निघाली म्हणे.

"आणि डचेसची पिल्लं?" मी खालमानेने गसला विचारलं. "ती आम्ही सांभाळू."

"याची कशी असतील?" डॉक्टरच मध्ये म्हणाली. "पोटाच्या उबेत बी धरत नाही. नुसता रुबाब असतो, पोरं होत नाहीत."

मी गसकडे वळले. त्याचे कान उकडलेल्या खेकड्यासारखे लाल झाले होते.

"डचेस आत्याकडून आली... तेव्हाच गाभण होती," तो पुटपुटला.

"मग माझ्या बोक्यावर आळ कशाला?"

"दार ठोठावायला काहीतरी कारण हवं होतं. साखर मागणार होतो... पण घरात भरपूर होती."

माझा संताप झाला. मिसेस हर्नच्या कानावर हे गेलं असतं तर आम्ही आजच रस्त्यावर आलो असतो, असं मी त्याला सुनावलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हे त्याला माहीतच नव्हतं. तो उठला आणि पिंजऱ्यासमोर चक्क गुडघ्यांवर बसला.

"महाराज, खोटा आळ घेतला. रविवारच्या आत जिना घासून देतो. माफ करा."

गुंगीतल्या बिशपने एक डोळा उघडला आणि मिटला.

"त्यांनी केलं," गस म्हणाला. "आणि... तुम्ही?"

मला हसू दाबता येईना.

"साखर अजून आहे का तुझ्याकडे?"

"भरपूर."

"मग उद्या मी येते मागायला."