पेशंटजवळचं माणूस

"वॉर्डातले नातेवाईक बाहेर काढा, निम्मे रोग आपापले डबे उचलून त्यांच्या मागोमाग चालू लागतील," असं डॉक्टर श्रीनिवास गायधनींनी ट्रस्टींसमोर टेबलावर मूठ आपटून सांगितलं. साल अठ्ठ्याहत्तर. मूठ आपटल्यावर पाण्याचा ग्लास चेअरमनसाहेबांच्या मांडीवर सांडला, पण मुद्दा सगळ्यांना पटला.

हॉस्पिटल ट्रस्टचं, नाशकात जुन्या आग्रा रोडला लागून. पेठ, हरसूल, वणी, सगळीकडच्या एसट्या सीबीएसच्या स्टँडवर पेशंट आणून ओतायच्या, आणि एका पेशंटमागे चार माणसं ठरलेली. खाटेखाली बायका झोपायच्या, व्हरांड्यात स्टोव्ह पेटायचे, बोंबलाच्या वासानं फिनेल हरायचं. एकदा तर सलाईनच्या स्टँडला कुणीतरी शेळी बांधून ठेवली होती. पण अख्ख्या वॉर्डाला सिस्टर एक. भांडं द्यायचं, बाहेरून औषध आणायचं, बाटली संपली की हाक मारायची, हे सगळं करायचं कुणी? पेशंटजवळच्या माणसानं. म्हणून नवा पेशंट आला की सिस्टर आधी आजार विचारायची नाही. विचारायची, "पेशंटजवळ कोण आहे?"

गायधनींना ह्याच गोष्टीवर संशोधन करायचं होतं. त्यांच्या वॉर्डात एकही नातेवाईक नाही. शेजारच्या डॉक्टर पगारेंच्या वॉर्डात जसं चाललंय तसंच. दिवाळीपासून शिमग्यापर्यंत बघायचं, कुणाचे पेशंट लवकर बरे होतात. ज्याचा वॉर्ड जिंकेल त्यानं मुंबईच्या परिषदेत पेपर वाचायचा, आणि पेपर वाचणाऱ्याला ट्रस्ट सहा महिने लंडनला पाठवणार. निकालाची गायधनींना इतकी खात्री होती की त्यांनी ओव्हरकोट आधीच शिवून घेतला होता. तो केबिनमध्ये खुंटीला लटकायचा आणि नाशिकच्या उन्हात त्याला डांबराच्या गोळ्यांचा घाम फुटायचा.

पगारे त्यांच्या डोळ्यांत आल्या दिवसापासून सलत होते. निफाडकडच्या एका खेड्यातले, वडील देवळालीच्या छावणीत माळी. नाव काय, तर कोंडाजी. त्यांना पेशंट पेरू आणून द्यायचे, कोथिंबिरीच्या जुड्या द्यायचे, एका म्हातारीनं स्वतःच्या हातानं गोधडी शिवून दिली होती. गायधनींचं घराणं पंचवटीतलं, तीन पिढ्या वैद्यकीत, आणि त्यांना आजवर पेशंटकडून फक्त एकदा नारळ मिळाला होता, तोही नासका. पगारेंच्या स्कूटरला पहिल्या किकमध्ये जाग यायची, याचाही त्यांना राग होता. गायधनी कॉलेज रोडला बंगल्यात एकटेच राहायचे. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं, तर म्हणायचे, "मला कुणी लागत नाही."

वॉर्डाच्या दारात त्यांनी धोंडीराम वॉचमनला काठी देऊन बसवलं. पेशंटचं नाव सांगितल्याशिवाय कुणाला दारापर्यंत येऊ द्यायचं नाही, आणि नाव सांगितलं तर हाकलून द्यायचं.

वॉर्ड स्वच्छ झाला, शांत झाला, आणि आठवडाभरात त्याचे बारा वाजले.

सलाईनच्या बाटल्या संपून कोरड्या लटकू लागल्या. हार्नियाचा पेशंट दुसऱ्याच्या नावानं एक्स-रेला जाऊन आला. एका आजोबांना भलत्याच माणसाचा डिस्चार्ज मिळाला. ते बिचारे एसटीनं वणीला गेले, देवीचं दर्शन घेतलं आणि संध्याकाळी सगळ्या वॉर्डाला प्रसाद घेऊन परत आले. पण सगळ्यात विचित्र झालं ते हरसूलच्या बहिरूचं. काविळीचा पेशंट, खाटेवर सरळ पडलेला, डोळे उघडे. झुंबर वॉर्डबॉयनं धोब्याकडून आलेल्या चादरींचा गठ्ठा त्याच्या अंगावर टाकला आणि निघून गेला. जेवणाची गाडी त्याच्यापाशी थांबेना. सिस्टर दोनदा तिथून गेली.

गायधनींनी झुंबरला फैलावर घेतलं, तर झुंबर खरोखर गोंधळला. "साहेब, जवळ कोनी बसलेलं नाय. मला वाटलं, खाट मोकळी हे."

"मोकळी? अरे, माणूस आहे ना तिच्यावर."

झुंबरनं खाटेकडे निरखून पाहिलं. "आता दिसतोय," तो म्हणाला.

बहिरूची काही तक्रार नव्हती. चादरींचं वजन हाच इलाज असेल, असं त्याला वाटलं होतं.

तिकडे पगारेंचा वॉर्ड म्हणजे जत्रा, आणि पेशंट मात्र भराभर उठून घरी जात होते. ज्यांचं कुणी नव्हतं तेसुद्धा. यात काहीतरी लबाडी आहे, पगारेंनी गुपचूप आया ठेवली असणार, असं धरून गायधनी एका दुपारी मुद्दाम तिकडे गेले.

तेव्हा त्यांनी त्या बाईला पहिल्यांदा पाहिलं.

नवसाबाई नावाची निराधार पेशंट होती, तिच्या उशाशी ती बाई स्टुलावर बसलेली. विटक्या हिरव्या रंगाचं नऊवारी लुगडं, मांडीवर झाकण घातलेला जर्मनचा तांब्या, एक हात पेशंटच्या कपाळावर. वय सांगता येईना. जवळ गेलं की मेथीच्या ओल्या जुडीचा वास यायचा, गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, भाजीबाजारात पहाटे येतो तसा.

कोण ही, म्हणून विचारलं, तर नवसाबाई म्हणाली, माझी नणंद, गिरणाऱ्याची. दुसऱ्या दिवशी तीच बाई कोपऱ्यातल्या खाटेजवळ. तिथला प्रेसमधला कामगार म्हणाला, आमची आत्या. तिसरा म्हणाला, धाकटी बहीण. बाई तीच, तांब्या तोच. पगारेंना विचारलं तर ते हसले. "मी समजत होतो तुमच्याकडचीच कुणी आहे. पंचवटीकडच्या दिसतात."

गायधनी दारात उभे राहून बघू लागले. झुंबरनं सगळी फरशी ओल्या फडक्यानं पुसून काढली होती. बाई एका खाटेजवळ होती. गायधनींनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला तेव्हा ती समोरच्या भिंतीकडच्या खाटेजवळ होती, स्टुलासकट. मधल्या ओल्या फरशीवर एक पाऊल उमटलेलं नव्हतं.

दुसरा कुणी असता तर घाबरला असता. गायधनी जळाले. भुताखेतांवर त्यांचा विश्वास नव्हता. पण पगारेंना जे मिळतं ते आपल्याला का मिळू नये, यावर त्यांचा पक्का विश्वास होता.

शिमगा महिन्यावर आला तसं त्यांना राहवेना. ते बाईपाशी गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मावशी, आमच्या वॉर्डात या. तिथं कुणाचंच कुणी नाही."

बाईनं मान वर केली नाही. "तिथं सोडत नाय आत."

"मी सांगतो ना."

"सांगा मग. कोनाजवळची म्हनून येऊ, तेवढं सांगा."

ती उठून त्यांच्या मागोमाग निघाली. दारात धोंडीरामनं काठी आडवी धरली. "पेशंट कोन? नाव सांगितल्याबिगर नाय. सायबांचाच हुकूम हाय."

हुकूम देणारे साहेब समोर उभे होते, पण धोंडीराम हुकमाचा पक्का. आणि नेमके त्याच वेळी चेअरमनसाहेब व्हरांड्यातून येत होते. पेशंटचं नाव घ्यावं, तर आपल्या वॉर्डात नातेवाईक आला, म्हणजे संशोधन बोंबललं, लंडन गेलं. 

"माझ्याजवळची आहे ती," गायधनी घाईघाईनं म्हणाले. "माझं माणूस आहे. सोड आत."

काठी खाली आली. धोंडीरामनं बाईला नमस्कार केला.

बाई वॉर्डातून सरळ चालत गेली. बहिरूच्या खाटेकडे तिनं पाहिलं नाही, आजोबांकडे पाहिलं नाही. ती केबिनमध्ये गेली आणि गायधनींच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसली.

"इथं नाही मावशी, तिकडे, पेशंटजवळ," गायधनी म्हणाले.

"बसले ना," बाई म्हणाली.

त्या दिवसापासून हॉस्पिटलचं काहीतरी बिनसलं. सिस्टर सह्यांचे कागद घेऊन आली, बाईकडे पाहून थबकली, आणि कागद तसेच ठेवून गायधनींच्या तोंडात थर्मामीटर देऊन गेली. कँटीनमधून चहाच्या जागी पेज आली. न्हावी वस्तरा आणि साबण घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, पोटावरचे केस काढायला सांगितलंय, ऑपरेशन कधी आहे? गायधनींनी त्याला ओव्हरकोट फेकून मारला.

ते ओरडले की मी डॉक्टर आहे. सिस्टरनं शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांच्या डोक्यावरून बाईला विचारलं, "रात्री झोप लागते का यांना?"

"जरा बडबडतात," बाई म्हणाली.

"जेवण जातंय?"

"पेज घेतली वाटीभर."

ताप नव्हता. निदान सुरुवातीला नव्हता. पुढे केबिन रंगवायला काढली, तेव्हा सिस्टर म्हणाली, तोवर खिडकीजवळच्या खाटेवर टेका. रंग वाळला, पण त्यांना केबिनमध्ये परत न्यायचं कुणाला सुचलं नाही. एक सलाईन लागलं. ते कुणी सांगितलं, ते झुंबरलाही माहीत नव्हतं. बाई उशाशी बसलेली होती, कपाळावर हात ठेवून. हात गार होता आणि, ते कबूल करायला गायधनींना लाज वाटली, बरा वाटत होता. तो पगारेंच्या वॉर्डातून आपण पळवून आणलाय, या विचारानं तर आणखीच बरा वाटत होता. बाईची नजर दाराकडे गेली तरी ते कण्हायला लागायचे.

चेअरमनसाहेब राउंडला आले. त्यांनी बाईला विचारलं, कसं काय आहे आता? बाई म्हणाली, हाय तसंच. चेअरमननी तिला धीर दिला आणि पुढे गेले. जाता जाता ते कुणाला तरी सांगत होते की पगारेंचा पेपर पक्का झाला.

शिमग्याच्या आदल्या दिवशी दुपारी पगारे आले. नवा टाय, हातात बॅग, मुंबईची गाडी गाठायची होती. आल्या आल्या ते बाईशी बोलले नाहीत. कितीतरी दिवसांनी कुणीतरी थेट गायधनींच्या डोळ्यांत पाहून बोलत होतं.

"गायधनी, हे काय मांडलंय? तुम्हाला काही झालेलं नाही. उठा, माझ्याबरोबर चला. पेपरावर तुमचंही नाव टाकलंय मी. प्रयोग तर तुमचाच ना."

त्यांनी खिशातून मोसंबं काढलं आणि खाटेच्या कडेला बसून सोलायला घेतलं.

बाई उठली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा त्यांच्या उशापासून उठत होती. तिनं तांब्या उचलला.

"बसा तुमी," ती पगारेंना म्हणाली. "ह्यांचं मानूस आलं आता. तिकडं एकजन आलाय, त्याचं कोनी नाय."

कपाळावरचा हात गेला. मेथीचा वास गेला. गायधनींनी मान वळवली तेव्हा ती दारातून पगारेंच्या वॉर्डाकडे वळत होती.

तिकडेच. लंडन तिकडे, पेरू तिकडे, गोधडी तिकडे, आणि आता हीसुद्धा तिकडेच.

"मी बसतो थोडा वेळ," पगारे म्हणाले. "हवं तर पुढच्या गाडीनं जाईन."

"तुम्ही माझे कोण?"

पगारेंनी एक फोड त्यांच्यापुढे धरली.

"तुम्ही माझे कुणी नाही, पगारे. उपकार नकोत. मला कुणी लागत नाही. जा, गाडी चुकेल तुमची."

पगारेंनी सोललेलं मोसंबं स्टुलावर ठेवलं, केबिनच्या सामानाबरोबर येऊन खाली पडलेला ओव्हरकोट उचलून नीट घडी करून उशाशी ठेवला, आणि गेले.

खाटेजवळ कुणी नव्हतं.

सिस्टर समोरून गेली. गायधनींनी हाक मारली. ती शेजारच्या पेशंटची नाडी बघून परत त्याच वाटेनं गेली.

जेवणाची गाडी आली. थांबली नाही.

झुंबर आला. स्टुलावरचं मोसंबं त्यानं इकडे तिकडे बघून खाऊन टाकलं.

"झुंबर," गायधनी म्हणाले. "अरे, मी आहे."

झुंबर बोटं चाटत खाटेकडे वाकला, दोन्ही हातांनी चादर ओढून काढली, खिडकीबाहेर झटकली आणि धुतलेली चादर घातली.

संध्याकाळी हरसूलकडचा एक नवा पेशंट आला, सोबत त्याचा भाऊ; प्रयोग संपला होता, धोंडीरामनं काठी आडवी धरली नाही. त्याला खिडकीजवळच्या खाटेवर घेतलं. त्याला थंडी वाजत होती, आणि वॉर्डात पांघरूण शिल्लक नव्हतं, म्हणून उशाशी सापडलेला ओव्हरकोट त्याच्या अंगावर घातला. तो कुणाचा, हे कुणालाच आठवलं नाही.