क्रमवारी आणि सखुबाईंचा चहा

मांडव्याच्या जेटीवर बोटीतून उतरताना माझ्या हातातून थर्मास सुटला आणि घरंगळत एका माणसाच्या पायाशी जाऊन थांबला. त्याने तो उचलला, कानाशी हलवून पाहिला.

"वाचला. काय आहे यात?"

"चहा."

"घरून? इथे आम्ही काय नुसतं गरम पाणी पितो?"

खरं तर राग यायला हवा होता... हसूच आलं.

अलिबागच्या बसमध्ये तो शेजारीच बसला. नाव हरेश्वर. मी काय करते, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, जगभरातल्या आर्थिक संशोधन संस्थांची क्रमवारी लावते. कुणाचा अभ्यास पक्का, कुणाचा नुसता दिखाऊ.

"मग लंडन, वॉशिंग्टन सोडून इकडे कुठे?"

"चौलला. सुपारीच्या वाडीत एक छोटी संस्था आहे म्हणे. तिथला माणूस फोनवर अगदी मोजकं बोलतो."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "तो माणूस... मीच."

मी लगेच पिशवी आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. आमचा नियमच तसा. ज्या संस्थेला गुण द्यायचे तिचं काही घ्यायचं नाही, चहासुद्धा. आणि तिथल्या कुणाशी जवळचा संबंध असेल, तर सांगून बाजूला व्हायचं.

संस्था हरेश्वरच्या घराच्या पडवीतच होती. पण हा नियम त्याच्या आईला, सखुबाईंना, कोण समजावणार?

"चा न्हाय, पानी न्हाय. पोरीला तशीच पाठवू व्हय?" त्या कप घेऊन दारात उभ्या. मी ओशाळून थर्मास उघडला.

हरेश्वर मात्र गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "आई, त्या सरकारी मांजरासारख्या आहेत. बाहेरचं दूध पीत नाहीत."

दुष्ट माणूस. पण त्याचं काम बघितलं आणि माझा राग पळाला. वादळात दिवेआगरच्या वाड्या आडव्या झाल्या होत्या. नव्या सुपारीला फळ धरेपर्यंत तिथली घरं कशावर तगली, हे त्याने दारोदार फिरून शोधलं होतं. मोठ्या संस्थांचे गुळगुळीत अहवाल वाचताना मला झोप येते. हा वाचताना मी जेवायची विसरले.

मग आकडे तपासायचे म्हणून मी पुन्हा आले. पुन्हा काहीतरी राहिलं म्हणून पुन्हा. प्रत्येक वेळी तो जेटीवर असायचा, आणि प्रत्येक वेळी म्हणायचा की सहज आलो होतो.

शेवटच्या भेटीत रेवदंड्याच्या किनाऱ्यावर त्यानेच विषय काढला.

"यंदा यादीत नाव आलं नाही, तर देणगीदार थांबणार नाहीत. संस्था बंद. मला दिल्लीत नोकरी बघावी लागेल."

गुण तर मी मनात कधीच दिले होते, चांगले आणि खरे. पण ते देणारी मी आता निखळ परीक्षक राहिले नव्हते.

"हरेश्वर, मी बाजूला झाले आणि दुसरं कुणी वेळेत मिळालं नाही... तर तुमचं नाव यंदा राहून जाईल."

"बाजूला का व्हाल?"

मी पायाने वाळूत रेघ ओढत राहिले. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. लाट येऊन आमचे पाय भिजवून गेली.

"मग राहू दे यंदा," तो हळूच म्हणाला. "खोटेपणाने नाव वर यायला नको. आणि... तुम्हीही जायला नको."

मी तिथूनच माझ्या वरिष्ठ मॅडमना फोन लावला. "चौलची संस्था माझ्याकडून काढून घ्या."

"का? कसला संबंध आहे, राही?"

"अजून जुळायचाय, मॅडम. म्हणून आधीच सांगतेय."

"बघते दुसरं कुणी मिळतंय का. शब्द देत नाही."

घरी परतलो तेव्हा सखुबाई अंगणात तांदूळ पाखडत होत्या. मी पायरीवर बसले. "आई, चहा टाकता का?"

त्यांनी सूप खाली ठेवलं, आधी माझ्याकडे, मग लेकाकडे पाहिलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

हरेश्वरने माझा थर्मास ओढून घेतला, झाकणात चहा ओतला, एक घोट घेतला.

"साखरच नाही यात. इतके दिवस हा पीत होतीस?"

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला होता. मी हसले, आणि आतून येणाऱ्या कपाची वाट बघत बसले.