तंबाखूवरचं दूध

माणूस जाऊन वर्ष होत नाही तोच त्याच्या वस्तूंवर डोळा ठेवायचा, म्हणजे काय माणसं असतात एकेक! एकसष्ट सालच्या त्या रविवारी दुपारी, बंगळूरला मल्लेश्वरमच्या कौलारू घरात, हेमलता मनातल्या मनात नुसती धुमसत होती. धाकटा दीर उमाकांत तिच्याच नवऱ्याचा कोट घालून आला होता. कोट नेला, घड्याळ नेलं, आता पाइप आणि तंबाखूचा डबा हवा म्हणे.

तो डबा! तिचे यजमान उपेंद्र कारखान्यात इंजिनिअर होते. उजव्या हाताचं मधलं बोट लेथ यंत्रावर तुटलेलं, तरी पाइप असा निगुतीनं भरायचे की बघत राहावं. ते गेले आणि त्यांचा वास तेवढा ह्या डब्यात उरला. रोज संध्याकाळी ती झाकण उघडायची, हुंगायची, पुन्हा लावायची. तिच्याजवळ एवढंच राहिलं होतं.

“वहिनी, पार वाळून गेलीय हो,” उमाकांतनं तंबाखू चिमटीत चुरली. “पण काळजी नको. मी जिवंत करतो.”

“तुमच्या दादांना धड निरोप दिला नाहीत, भाऊजी. तंबाखू कसली जिवंत करताय?”

खोटं नव्हतं ते. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, तर ह्यानं दहा मिनिटांत दर्भाचा कावळा करून हात झटकले. का, तर ऑफिसची बस चुकेल!

उमाकांतनं डबा उपडा केला. तंबाखू ताटात पसरली, शेजारी पाण्याची वाटी ठेवली आणि कामवाल्या यल्लव्वाला म्हणाला, “हळू, हळू शिंपड हां.” आणि हात धुवायला गेला. हेमलता रागारागानं देवघरात जाऊन बसली. यल्लव्वा हुबळीकडची, मराठी बेताचंच. तिला ऐकू आलं ‘हालु’, आणि कन्नडात हालु म्हणजे दूध. “सरी, बरं,” म्हणून ती स्वयंपाकघरातून दुधाचं भांडं घेऊन आली आणि तंबाखूवर दूधच शिंपडलं.

उमाकांतनं येऊन, पाणीच शिंपडलंय असं समजून, ओली तंबाखू डब्यात भरली, ओल टिकावी म्हणून त्यात सफरचंदाची फोड टाकली आणि झाकण गच्च लावलं. “पुढच्या रविवारी नेतो.”

पुढच्या रविवारी डबा उघडला. तंबाखू मऊ, काळीभोर झाली होती. वास तोच, पण कालच भरल्यासारखा ताजा. हेमलतानं पुढे होऊन तो खोल हुंगला. उमाकांतनं व्हरांड्यातच पाइप पेटवला, दमदार झुरका घेतला. तोंडातून धूर आलाच नाही.

धूर निघाला समोरच्या रिकाम्या वेताच्या खुर्चीतून. सावकाश. एक वेटोळं… मग दुसरं…

“वहिनी… तिथं…”

खुर्ची करकरली. अगदी जवळून घोगरा आवाज आला, “हळू… हळू ओढ, उमा…”

उमाकांतच्या तोंडचं पाणी पळालं. हातातला पाइप टाकून तो धावत सुटला. हेमलताही घाबरली होती, पण राग त्याहून मोठा. “आधी तो कोट काढा!” ती ओरडली. त्यानं फाटकातच कोट भिरकावला.

दारात यल्लव्वा पांढरीफटक पडली होती. “अक्का, साहेब हालु बोलला, मी हालु घातलं. आमच्यात मेलेल्या माणसाला हालु-तुप्पा घालतात. दूध आणि तूप. मग तो शांत होऊन जातो. मी नुसतं दूधच…”

“म्हणजे?”

“आला, अक्का. गेला नाही. स्वल्प तुप्पा घाल, जाईल.”

“जाईल? वर्षभर एका डब्यावर दिवस काढले मी, आणि आता आले तर वाटेला लावू? मुळीच नाही!” तिनं तुपाची बरणी कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि किल्ली पदराच्या गाठीत बांधली.

सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. आत बरणीचं झाकण मात्र बाजूला पडलं होतं. तुपात एका बोटाची रेघ, मग एका बोटाची जागा कोरी, मग दोन रेघा.

“वर्षानं आलात, आणि लगेच निघायची घाई?” तिचा आवाज चिरकला. “मी नाही जाऊ देणार!” तिनं चमच्यानं तूप सारखं केलं, कुलूप लावलं, ओढून पाहिलं, हात साबणानं खसखसून धुतले.

दुपारी व्हरांड्यात बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. जाग आली तेव्हा पदराची गाठ तशीच होती. तिच्या मनगटावर मात्र, कुणी हात धरावा तसं, एक तुपकट बोट उमटलं होतं, मग एका बोटाची जागा कोरी, मग दोन बोटं.