विसापर्यंत

दारात नणंद उभी होती... आठ वर्षांनी! वहिनीने दार सताड उघडलं.

आईविना पोर ती. सातव्या वर्षी उकळतं पाणी उजव्या हातावर सांडलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, रोज बोटं ताणा, नाहीतर ती आखडून कायमची मिटतील. भावाला ते बघवेना, तो गॅलरीत जाऊन कान झाकून बसायचा. मग ते क्रूर कर्तव्य वहिनीनेच पत्करलं. विसापर्यंत मोजत ती बोटं सरळ धरून ठेवायची, आणि पोर किंचाळायची, चावायची, “तू दुष्ट आहेस!” म्हणायची, वीस झाले की हात हिसकावून पळायची. तो द्वेष तिच्याबरोबरच वाढला... शिकायला गेली ती परतलीच नाही. वहिनीने कधी एका शब्दानेही आपली बाजू मांडली नाही.

पण नणंदेचं कौतुक केवढं! भाजल्या जखमेवरून न दुखवता निघणारं, मऊ, ओलसर जेलचं आवरण तिने आणि तिच्याच वयाच्या तिघा संशोधकांनी बनवलं, ही बातमी छापून आली, तेव्हा वहिनीने ती वाचून दाखवून शेजारणींना अगदी नको नको केलं होतं.

“तुझ्यासारख्या दुखवणाऱ्या हातांपासून पोरांना वाचवायचं, म्हणून मी हे काम घेतलं होतं,” नणंद म्हणाली. “काल जेल घेऊन भाजलेल्यांच्या वॉर्डात गेले. तिथे एक मुलगी होती... तिची मूठच उघडत नव्हती, वहिनी! तिची आई म्हणाली, रडणं ऐकवेना, म्हणून आम्ही बोटं ताणलीच नाहीत.”

तिने आपला उजवा हात पुढे केला. जेलचा थेंबन् थेंब मोजणारा, सरळ बोटांचा हात!

“ही बोटं तू दिलीस मला. आणि मी...”

“पुरे गं! आधी आत ये. किती वाळलीस, काही खातेस की नाही?”

आत आल्यावरही नणंद बोलतच होती. “आता आम्ही ते जेल लवचीक करतोय. ते लावलेलं असतानाच बोटं ताणता येतील, दुखणंही कमी होईल. पण ताणायला घरचं माणूस लागणारच.” मग लहानपणी बसायची तशी ती शेजारी टेकली आणि हात वहिनीच्या मांडीवर ठेवला. “मोज ना.”

वहिनीने ती बोटं हातात घेतली.

“एक... दोन...”

सातावर तिची मोजणी थांबली. पुढचं विसापर्यंत नणंदेनेच रडत रडत मोजलं... आणि वीस झाल्यावरही हात काढून घेतला नाही.